सोरोरिटीत जाताना: नांगर, क्रीम गुलाब आणि 'डू गुड'

बारावीनंतर अमेरिकेत शिकायला येणाऱ्या मराठी मुली आता पूर्वीपेक्षा बऱ्याच दिसतात आणि दर उन्हाळ्यात कुणाची तरी चुलतबहीण नाहीतर शेजारीण मला मेसेज करतेच, ताई तू सोरोरिटीत आहेस ना, ते नक्की काय असतं, मी जाऊ का, घरी काय सांगू. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते. लांबणार आहे. पण विषय माझ्या अगदी जवळचा आहे आणि आपल्याकडे त्यातलं जे पोचतं ते पार्ट्या, गुलाबी कपडे आणि नाचाचे रील्स एवढंच, त्यामुळं थोडं सविस्तर लिहायलाच हवं असं वाटतं. सोरोरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींची ग्रीक अक्षरांच्या नावाची संघटना, मुलांची असते ती फ्रॅटर्निटी. मी डेल्टा गॅमा या सोरोरिटीची मेंबर आहे, मिडवेस्टमधल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत. बाकीच्या सोरोरिट्यांचं बाहेरून जेवढं माहितीय तेवढंच सांगेन.

आईचा पहिला प्रश्न होता, रॅगिंग असतं का गं तिथं? प्रश्न अगदी योग्य आहे आणि प्रत्येक आईनं तो विचारलाच पाहिजे. इथं त्याला हेझिंग म्हणतात, त्यात मुलांचे जीव गेलेत, जास्त करून मुलांच्या फ्रॅटर्निट्यांमध्ये, पण मुलींकडे असले प्रकार झालेच नाहीत असं नाही. आपल्या महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये आला, अमेरिकेत राज्याराज्यांचे कायदे आधीपासून होते पण केंद्राचा स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट थेट डिसेंबर २०२४ मध्ये. बऱ्याच युनिव्हर्सिट्या कुठल्या शाखेवर काय कारवाई झाली याची यादी स्वतःच जाहीर करतात. मी नाव नोंदवायच्या आधी ती यादी उघडली, आईला स्क्रीन शेअर करून एकेक ओळ दाखवली, तेव्हा कुठं ती शांत झाली. बाबांनी एवढंच विचारलं की अभ्यासाचं काय, तर त्याचंही उत्तर होतं, ठराविक जीपीएच्या खाली गेलं की घेतच नाहीत आणि आत आल्यावरही घसरलं तर विचारणा होते.

मुळात हे सगळं सुरू कसं झालं ते समजलं की निम्मे गैरसमज गळून पडतात. ग्रीक अक्षरांच्या नावाची विद्यार्थ्यांची संघटना हा प्रकार १७७६ मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात फाय बीटा कॅपापासून सुरू झाला, पण पुढची कित्येक वर्षं ते मुलांचंच राज्य होतं कारण कॉलेजात मुलीच नव्हत्या. १८५१ मध्ये जॉर्जियात मेकन गावच्या वेस्लियन कॉलेजात मुलींनी एक मंडळ काढलं, तेच पुढं अल्फा डेल्टा पाय झालं. मग १८६७ मध्ये इलिनॉयच्या मनमथ कॉलेजात आजची पाय बीटा फाय, १८७० मध्ये त्याच मनमथमध्ये कॅपा कॅपा गॅमा आणि इंडियानात कॅपा अल्फा थीटा. ती इंडियानातली गोष्ट मला फार आवडते. इंडियाना ॲस्बरी कॉलेजनं, म्हणजे आजच्या डीपॉ युनिव्हर्सिटीनं, १८६७ मध्ये पहिल्यांदा मुली घेतल्या, आणि आल्या त्या मूठभर. वर्गात सगळे मुलगे, मुली शिकतायत हे कित्येकांना पटलेलंच नाही, अशात बेटी लॉक आणि तिच्या मैत्रिणींनी ठरवलं की मुलांच्या संघटनेची शोभेची पाहुणी होण्यापेक्षा आपली स्वतःचीच काढू. तेव्हा या संघटना निघाल्या त्या एकटं पडू नये, आपलं म्हणणं मांडायला, निबंध वाचायला, वाद घालायला आपली माणसं असावीत म्हणून.

डेल्टा गॅमाचा जन्म त्यानंतर थोड्याच वर्षांत झाला, डिसेंबर १८७३, मिसिसिपीतल्या ऑक्सफर्ड गावी, लुइस स्कूल या मुलींच्या शाळेत. ॲना बॉइड, ईवा वेब आणि मेरी कम्फर्ट, तिघींना ख्रिसमसच्या सुट्टीत घरी जाता आलं नाही आणि त्या मोकळ्या दिवसांत त्यांनी आपसात एक क्लब काढला. एकमेकींना साथ द्यायची आणि चांगलं काम करायचं. यादवी युद्ध संपून जेमतेम आठ वर्षं झालेली, दक्षिणेचं पार कंबरडं मोडलेलं. आणि त्याच गावात युनिव्हर्सिटी ऑफ मिसिसिपी होती जिथं मुलींना प्रवेशच नव्हता, तो मिळाला १८८२ मध्ये. म्हणजे दाराशी युनिव्हर्सिटी, पण आत पाऊल ठेवायचं नाही. अशा जागी बसून तीन पोरींनी एक गोष्ट सुरू केली आणि ती दीडशे वर्षं टिकली. मला ऑक्सफर्डच्या त्या सुट्टीबद्दल पहिल्यांदा कळलं तेव्हा थँक्सगिव्हिंग होतं, डॉर्म ओस पडलेला आणि मी आणि मजल्यावरच्या दोन-तीन परदेशी मुली एवढ्याच मागं राहिलेल्या, त्यामुळं त्या तिघी मला लगेच आपल्या वाटल्या. त्यांच्यानंतर दहाच वर्षांनी, १८८३ मध्ये, आपली आनंदीबाई जोशी नवऱ्याशिवाय बोटीनं अमेरिकेला आली आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून डॉक्टर झाली. तिचा या संघटनांशी काही संबंध नाही, पण काळ तोच आणि मुलीनं शिकावं की नाही हा वादही तोच.

आता प्रोसेस सांगते. आमच्याकडे सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी, ऑगस्टमध्ये, फॉर्मल रिक्रूटमेंट असतं, म्हणजे नवीन मुलींची निवड. उन्हाळ्यातच ऑनलाइन नाव नोंदवायचं, थोडी फी असते, फोटो, मार्क, शाळेत काय काय केलंत ते सगळं भरायचं. हे सगळं पॅनहेलेनिक कौन्सिल, म्हणजे कॅम्पसवरच्या या सोरोरिट्यांचं सामायिक मंडळ, चालवतं. त्याची वरची संस्था, नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स, १९०२ मध्ये स्थापन झाली, डेल्टा गॅमा तिच्या पहिल्या सातांपैकी एक, आणि आज तिच्यात २६ सोरोरिट्या आहेत. नियम भलतेच काटेकोर. आम्हाला एक रिक्रूटमेंट काउन्सेलर दिली होती, सीनियर मुलगी, ती स्वतः कुठल्या सोरोरिटीची हे त्या सगळ्या दिवसांत सांगायचं नाही असा नियम आहे, म्हणजे तिच्या मताचा आपल्यावर परिणाम होऊ नये. तिनं लॅपटॉपवरचे स्टिकरसुद्धा काढून ठेवलेले आणि इन्स्टा बंद केलेलं. रडणाऱ्या मुलींसाठी टिश्यू, उन्हात उभ्या राहणाऱ्यांसाठी पाणी, सेफ्टी पिना, बँडेड सगळं तिच्या बॅगेत. एवढं मन लावून ती ते करत होती की मला वाटलं, ही ज्या घरातली असेल ते घर चांगलंच असणार. (बिड डेला, म्हणजे घरांकडून आमंत्रण मिळतं त्या दिवशी, कळलं, आमची नव्हती. आजही आम्ही मैत्रिणी आहोत.)

पहिल्या राउंडला सगळी घरं बघायची. घर म्हणजे खरंच घर, मोठाल्या वाड्यासारख्या इमारती, प्रत्येकीची वेगळी, आत चाळीस-पन्नास ते शंभर मुली राहतात. दार उघडलं की आतल्या सगळ्या एकसुरात गाणी आणि टाळ्या, नुसता लग्नघरासारखा गोंगाट, त्यातून एक मुलगी तुमचा हात धरून आत नेते, थोडं बोलणं होतं तोवर दुसरी येते, मग तिसरी. कुठून आलीस, मेजर काय, डॉर्म कुठला. माझं नाव नीट उच्चारणारी जिथं भेटली ते घर मी वहीत खुणेनं लिहून ठेवलं. संध्याकाळपर्यंत घसा बसलेला आणि पाय सुजलेले. या राउंडबद्दल अजून सांगण्यासारखं काही नाही, तो फक्त पार पाडायचा असतो.

दिवसाच्या शेवटी तुम्ही घरांना पसंतीक्रम द्यायचा, तिकडे घरं तुमचा क्रम लावतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं कुणी परत बोलावलंय. दोन्हीकडून पसंती जुळली तरच पुढं. इथं मन दुखतं, हे आधीच सांगून ठेवते. एका घरात मला फार छान वाटलं होतं, बोलणंही रंगलं होतं, आणि सकाळी यादीत त्यांचं नावच नाही. कारण कुणी सांगत नाही. बाहेरून आलेल्या मुलीच्या डोक्यात लगेच येतं की माझ्या रंगामुळं का, ॲक्सेंटमुळं का. काउन्सेलरनं मला गप्प बसवलं नाही की समजूतही घातली नाही, ती म्हणाली असं वाटणं खोटं नाही, पण आज ज्यांनी बोलावलंय त्यांच्याकडे नीट बघून ये. मी गेले.

आणि त्याच दिवशी फिलान्थ्रॉपी राउंड होता, म्हणजे प्रत्येक सोरोरिटी कुठल्या समाजकार्याला वाहून घेते ते दाखवतात. डेल्टा गॅमाच्या घरात टेबलांवर फेल्टचे तुकडे, बटणं, लोकर, सँडपेपर, कापूस असं पसरलेलं. लहान अंध मुलांसाठी बोटांनी वाचायची पुस्तकं करायची होती, प्रत्येकीनं एक पान. माझ्या वाट्याला मांजर आलं. मी मिशांसाठी ताठ नायलॉनचा दोरा कापला तर समोरची मुलगी म्हणाली, थांब, त्याचं टोक बोटाला टोचेल, आणि तिनं मला मेण लावलेला सुती दोरा दिला, मग डोळे मिटून त्या पानावरून हात फिरवून बघ म्हणाली. मी फिरवला. कान कुठं संपतो आणि डोकं कुठं सुरू होतं ते कळेचना, दोन्हीला एकच फेल्ट वापरलेलं. मग आम्ही कान काढून कॉर्डरॉयचे लावले.

ते करता करता मी तिला सांगितलं की मी नववीत असताना पुण्यात दहावीच्या बोर्डाला एका अंध मुलीची लेखनिक होते. आपल्याकडे माहितीय सगळ्यांना, अंध विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळतो, तो खालच्या इयत्तेतला लागतो, वेळ जास्त देतात. ती सांगायची आणि मी लिहायचे. प्रत्येक उत्तराच्या शेवटी ती म्हणायची, मागचं वाक्य वाच. मी वाचलं की क्षणभर थांबून म्हणायची, 'म्हणून'च्या आधी स्वल्पविराम दे. माझं मराठीचं व्याकरण खरं तर तिथं सुधारलं. आमच्या शाळेत दरवर्षी ज्यांची हौस असेल त्या मुली लेखनिक म्हणून जायच्या. हे ऐकून ती अमेरिकन मुलगी हातातलं काम ठेवून इतके प्रश्न विचारत राहिली, सगळ्या राज्यात असं असतं का, पेपर कोण तपासतं, गणिताच्या आकृत्यांचं काय करतात, की तिला घ्यायला आलेली दुसरी मेंबर तशीच शेजारी बसून ऐकत राहिली. त्या आठवड्यातलं ते पहिलं संभाषण जे मला संभाषण वाटलं.

तिनंच मला रूथ बिलोची गोष्ट सांगितली. रूथ बिलो ही ओहायोतल्या ॲक्रन युनिव्हर्सिटीच्या शाखेची मेंबर, स्वतः अंध. १९३६ च्या अधिवेशनात तिनं मांडलं की डेल्टा गॅमानं दृष्टी वाचवणं आणि अंधांना मदत करणं हे आपलं काम म्हणून घ्यावं, आणि ते मान्य झालं. त्याआधीही कामं चालू होती, पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या अनाथ मुलांसाठी पैसे उभे केले होते, पण १९३६ पासून दिशा पक्की झाली. त्याला आज सर्व्हिस फॉर साइट म्हणतात. यातून खऱ्याखुऱ्या संस्था उभ्या राहिल्यात, लॉस एंजेलिसचं ब्लाइंड चिल्ड्रन्स सेंटर १९३८ मध्ये तिथल्या डेल्टा गॅमा बायकांनी सुरू केलं आणि सेंट लुइसमध्ये १९५१ मध्ये अंध आणि कमी दिसणाऱ्या मुलांसाठी केंद्र काढलं, दोन्ही आजही चालू आहेत. मला यातलं सगळ्यात मोठं हे वाटतं की ज्या गोष्टीची झळ स्वतःला लागलीय ती गोष्ट एका मुलीनं सभेत उभं राहून मागितली आणि बाकीच्यांनी ती आपली मानली. दया म्हणून कुणी वरून काही टाकलं नाही.

पुढचे राउंड पटकन सांगते. सिस्टरहुड राउंडला घरात फिरवतात, खोल्या, अभ्यासाची जागा, जेवणघर, तिथं मी सरळ विचारलं की शाकाहारी जेवण मिळेल का आणि खर्च किती. (दोन्हीची सरळ उत्तरं मिळाली.) शेवटचा प्रेफरन्स राउंड, त्यात दोनच घरं उरतात, लांब ड्रेस, अंधारलेली खोली, मेणबत्त्या, सीनियर मुली आपापले अनुभव वाचून दाखवतात, काहीजणी रडतात. त्यानंतर लगेच बंद खोलीत बसून फॉर्मवर सही करायची, एकटीनं, फोन न वापरता. हा फॉर्म बंधनकारक असतो, त्यात लिहिलेल्या घराकडून बिड आली आणि तुम्ही नाकारलीत तर वर्षभर दुसऱ्या कुठल्याही पॅनहेलेनिक सोरोरिटीत जाता येत नाही. त्यामुळं ज्या घरात जायची मनापासून तयारी आहे तेच लिहायचं, मैत्रिणीनं काय लिहिलं ते बघायचं नाही.

बिड डेला सगळ्याजणी मैदानात आपापल्या पाकिटावर बसतात, खरंच बसतात, म्हणजे कुणी आधी उघडू नये. मग आकडे उलटे मोजले की सगळी पाकिटं एकदम फाडायची. माझ्यात डेल्टा गॅमा होतं. भारतात पहाटेचे चार वाजले असतील, तरी आईनं पहिल्या रिंगला फोन उचलला.

लोकांना वाटतं झालं, आता मेंबर. तसं नाही, त्यानंतर काही आठवडे न्यू मेंबर म्हणून शिकायचं असतं आणि मला विचाराल तर खरी गोष्ट इथं सुरू होते. आठवड्यातून एकदा संध्याकाळी बसायचं, इतिहास, चिन्हं, नियम, पैसे कुठं जातात, दारू आणि सेफ्टी, कुणी त्रास दिला तर कुणाला सांगायचं. ग्रीक अक्षरं पाठ करायची. डेल्टा गॅमाचं चिन्ह नांगर, जहाजाचा. पण सुरुवातीला ते नव्हतं, पहिल्या मुलींची पिन म्हणजे नुसतं 'एच' अक्षर, होपचं, आणि १८७७ मध्ये त्या जागी नांगर आला, कारण ख्रिस्ती परंपरेत नांगर हे आशेचं चिन्ह आहे, बायबलमध्येच आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. रंग तीन, ब्राँझ, गुलाबी आणि निळा. फूल क्रीम रंगाचा गुलाब. ब्रीद दोनच शब्दांचं, डू गुड. नियतकालिक अँकोरा, ते १८८४ पासून निघतंय. मी हिंदू घरातली, त्यामुळं नांगराचं मूळ कळल्यावर मी थेट विचारलं की माझी अडचण होईल का, तर मला सांगितलं की तुझा देव तुझ्यापाशी, इथं तुझ्याकडून वागणूक मागितलीय. आणि तसंच झालं, मी गणपतीत खोलीत मोदक केले तेव्हा खाली किचनमधून सगळ्यात मोठं पातेलं मला त्यांनीच आणून दिलं.

डेल्टा गॅमाच्या घटनेत दुसरं कलम आहे, आर्टिकल टू, ते सगळ्यांना तोंडपाठ असतं. त्याचा आशय असा की बायकांमधल्या मैत्रीचे आदर्श उंच ठेवायचे, त्यांच्या शिक्षणाला आणि सांस्कृतिक आवडींना बळ द्यायचं, समाजाबद्दलच्या जबाबदारीची खरी जाणीव निर्माण करायची आणि स्वभावातले उत्तम गुण वाढवायचे. यात कुठं सुंदर दिसण्याबद्दल, पार्टीबद्दल एक शब्द नाही. मीटिंगमध्ये कुणाच्या वागण्यावरून वाद झाला की हेच कलम पुढं येतं आणि मी ते पुढं येताना पाहिलंय, एका मुलीबद्दल ग्रुपमध्ये वाईटसाईट लिहिलं गेलं तेव्हा प्रेसिडेंटनं फक्त ते कलम मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग विचारलं, हे लिहिणाऱ्या इथं कोण कोण आहेत. दोघी उभ्या राहिल्या. त्या मुलीची माफी त्यांनी सगळ्यांसमोर मागितली.

डेल्टा गॅमा पसरली कशी याची पण एक छान गोष्ट आहे. इंडियानातल्या फ्रँकलिन कॉलेजात जॉर्ज बँटा नावाचा मुलगा होता, फाय डेल्टा थीटा या फ्रॅटर्निटीचा. १८७० च्या दशकाच्या शेवटी शेवटी दक्षिणेतल्या मुलींनी त्याला विश्वासात घेऊन रीतसर मेंबर करून घेतलं आणि त्यानं आपल्या कॉलेजात शाखा काढायला मदत केली, त्यातली एक मुलगी, लिली व्हॉटर, पुढं त्याची बायको झाली. दक्षिणेतल्या सुरुवातीच्या शाखा नंतर बंद पडल्या पण तोवर उत्तरेत मूळ धरलं होतं.

एका संध्याकाळी एक ॲलम्ना, म्हणजे शिक्षण संपवून गेलेल्या जुन्या मेंबर, आल्या होत्या, सत्तरी ओलांडलेल्या, साठच्या दशकातल्या. तेव्हा मुलींना रात्री ठराविक वेळेला घरात परतावं लागायचं, मुलांना तसं काही नाही, उशीर झाला की शिक्षा, हे सगळं त्या सांगत होत्या. मग त्या थांबल्या आणि माझ्याकडे आणि शेजारच्या नायजेरियन वंशाच्या मैत्रिणीकडे बघून म्हणाल्या, तुम्हा दोघींना माझ्या वेळी इथं घेतलं नसतं. ते चूक होतं आणि आम्ही गप्प बसलो होतो, तुम्हाला हे आमच्या तोंडून कळायला हवं. खोलीत कुणी काही बोललं नाही. मला त्या बाईंबद्दल फार आदर वाटला.

कारण हे खरंच आहे आणि झाकून उपयोग नाही. विसाव्या शतकाचा बराच काळ या जुन्या सोरोरिट्या जवळजवळ फक्त गोऱ्या ख्रिश्चन मुलींसाठीच होत्या, काहींच्या नियमातच तसं लिहिलेलं, काहींमध्ये न लिहिता पाळलेलं. ज्यू मुलींनी म्हणून स्वतःच्या काढल्या, अल्फा एप्सिलॉन फाय १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात निघाली. कृष्णवर्णीय मुलींनी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीत १९०८ मध्ये अल्फा कॅपा अल्फा काढली, कमला हॅरिस तिच्याच मेंबर. १९१३ मध्ये तिथंच डेल्टा सिग्मा थीटा, २२ जणींनी मिळून, आणि स्थापनेला दोन महिने होत नाहीत तोच त्या ३ मार्चला वॉशिंग्टनमध्ये बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात चालल्या. आदर्श म्हणायचे तर हे. आपल्या भागातल्या मुलींसाठी १९९८ हे वर्ष महत्त्वाचं, एकाच वर्षात तीन साउथ एशियन सोरोरिट्या निघाल्या, ह्यूस्टनमध्ये डेल्टा फाय ओमेगा, ऑस्टिनला युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससमध्ये कॅपा फाय गॅमा आणि न्यूयॉर्कला सेंट जॉन्समध्ये सिग्मा सिग्मा ऱ्हो.

मग तू तिकडे का नाही गेलीस, हे मला बऱ्याचजणी विचारतात. आमच्या कॅम्पसवरही देसी मुलींची सोरोरिटी आहे, त्यांची इन्फो सेशन सेमिस्टर सुरू झाल्यावर असते, आणि मी त्यांच्या कार्यक्रमांना आजही जाते, गरबा त्यांच्यासारखा कुणी करत नाही. त्यांच्यात गेले असते तरी सुखीच असते. पण मला त्या मांजराच्या पानानं आणि रूथ बिलोनं ओढलं, आणि जे दार आपल्यासारख्यांना इतकी वर्षं बंद होतं त्यातून आत जाऊन आतल्या कामात हात घालावा असंही वाटलं. तुम्ही दोन्हीकडे जाऊन बघा, घाई करू नका.

इनिशिएशनमध्ये, म्हणजे रीतसर मेंबर करून घेतात त्या विधीत, काय होतं ते मी लिहिणार नाही, तसा शब्द दिलाय आणि तो मला पाळायचाय. एवढं सांगते की त्यात अपमान करणारं, घाबरवणारं काही नव्हतं आणि बाहेर आल्यावर छातीवर डाव्या बाजूला सोन्याचा छोटासा नांगर होता, त्याला दोर गुंडाळलेला आणि खाली ढाल. बॅज वाटेल त्या कपड्यांवर लावत नाहीत, टीशर्टवर तर नाहीच. मीटिंगला आम्ही नीट कपडे घालून तो लावूनच बसतो.

कामाचं म्हणाल तर अँकर स्प्लॅश असतो, स्विमिंग पूलमधल्या स्पर्धा, सगळ्या कॅम्पसमधून टीम येतात आणि त्यातून सर्व्हिस फॉर साइटला पैसे जमतात. पण माझं आवडतं काम वसंतातलं. ईस्टरला इथं मुलं बागेत लपवलेली अंडी शोधतात, अंध मुलांसाठी आम्ही बीप वाजणारी प्लॅस्टिकची अंडी ठेवतो. आदल्या रात्री बॅटऱ्या घालून एकेक वाजवून बघायचं, आवाज बारीक झालेली बाजूला काढायची, आणि दोन अंडी फार जवळ ठेवायची नाहीत, आवाज एकात एक मिसळून मुलं गोंधळतात, हे मला जुन्या मेंबरनी शिकवलं. गेल्या खेपेला माझ्याबरोबर पाच-सहा वर्षांचा मुलगा होता. तो पळाला नाही, आधी उभा राहिला, डोकं एका बाजूला कलतं केलं, मग दुसऱ्या बाजूला, आणि सरळ चालत जाऊन झुडपाच्या मुळाशी हात घातला. अंडं त्यानं कानाला लावलं, बटण दाबून बंद केलं, परत चालू केलं. अंड्याच्या बदल्यात चॉकलेट मिळतं, तर तो म्हणाला चॉकलेट नको, अंडंच पाहिजे. आम्ही दोन्ही दिलं.

या सेमिस्टरला नवीन मुलींना शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. आम्ही ठरवलंय की नांगर आणि गुलाबाच्या तासालाच, त्याच संध्याकाळी, कुणाकुणाला आत घेतलं नव्हतं तेही शिकवायचं, वेगळा कोपरा करून नाही. काही जुन्या मेंबर्सना ते रुचलं नाही, जास्तजणींना रुचलं. त्या साठच्या दशकातल्या बाईंना परत बोलावलंय, त्यांनी हो म्हटलंय.

आता ज्यांना जायचंच आहे त्यांच्यासाठी. पैसे लागतात आणि ते कमी नाहीत, दर सेमिस्टरला ड्यूज म्हणजे वर्गणी, पहिल्या वर्षी बॅज आणि इनिशिएशनची जादा फी, घरात राहिलात तर त्याचे वेगळे, त्यामुळं प्रत्येक घराचे आकडे रिक्रूटमेंटच्या आधी लेखी मागा, ते द्यावेच लागतात. हप्ते करून मिळतात, काही ठिकाणी स्कॉलरशिपही असते, लाजू नका. व्हिसाला काही अडचण नाही, मेंबर होणं म्हणजे नोकरी नव्हे. वेळ जातो, आठवड्याला मीटिंग आणि वर कामं, त्यामुळं पहिल्या सेमिस्टरला अवघड विषय एकदम घेऊ नका. ऑगस्ट चुकला तर हिरमुसू नका, ज्या घरांत जागा उरतात ती वर्षभर ओपन बिडिंगनं मुली घेतात, तिथं ना गाणी ना लांब ड्रेस, दोन-तीनदा कॉफीला भेटायचं, जेवायला जायचं आणि ठरवायचं. लाजऱ्या मुलींना मी उलट हेच सुचवते. आणि देसी सोरोरिट्यांचं वेळापत्रक पॅनहेलेनिकपेक्षा वेगळं असतं, ते त्यांच्या त्यांच्या शाखेच्या पेजवर बघा, सेमिस्टरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच.